पराभवांची यादी आणि कुंभारीची घरं

सोलापुरात विधानसभेची निवडणूक लागली की मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांच्या हार-जितीचा हिशेब कोणीतरी मांडतंच. 1978, 1995 आणि 2004 या तीन वेळा आमदार. बाकीच्या वेळी पराभव. 2009 पासून तर सलग चार. शेवटचा 2024 चा, आणि तोही असा की मतांचा आकडा वाचताना विरोधकांनाही अवघडल्यासारखं व्हावं. हा हिशेब मांडून झाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : आडम मास्तर माणूस भला, पण त्यांचं राजकारण फसलं. कामगाराच्या पोरानं आमदार व्हावं, मोर्चे काढावेत, तुरुंगात जावं, टाळ्या घ्याव्यात; सत्ता चालवणं हे त्याचं काम नव्हे, असा त्या वाक्याचा पोटातला अर्थ.

हे वाक्य तीन गोटांतून ऐकू येतं, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. पहिला गोट विकासवाल्यांचा : मतदारसंघात निधी किती आणला, रस्ते किती केले, ते सांगा. दुसरा गोट चक्क डाव्यांचाच : क्रांतीची भाषा करणारा माणूस शेवटी घरं बांधण्याच्या योजनेत अडकला, म्हणजे सुधारणावादी झाला. तिसरा गोट 2019 नंतरचा : ज्यानं पंतप्रधान मोदींचं भर व्यासपीठावर कौतुक केलं, त्याच्या लाल बावट्याचा रंग किती पक्का? तिघांचं आपसात पटत नाही. पण कामगारवर्गातून आलेला आमदार मोजायची त्यांची पट्टी एकच आहे, आणि ती खोटी आहे.

पहिल्यांदा पूर्वभागाबद्दल. सोलापूरची ओळख चादरीनं होते. ती चादर विणणारा समाज मुख्यतः तेलंगणातून आलेला, तेलुगू बोलणारा, पद्मशाली. शहराच्या पूर्वेला त्यांच्या पेठा वसल्या. आडम त्याच वस्तीतले. 1877 साली निघालेली जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. पुरुष गिरणीतून यंत्रमागावर गेले. बायका पिढ्यान् पिढ्या एकाच कामावर राहिल्या, विडी वळण्याच्या. सोलापुरात विडी कामगार म्हणजे बाईच. तिची संख्या हजारांत मोजतात, आणि ते हजार पाच-दहा नव्हेत, त्याच्या कितीतरी पट.

आता या बाईचं काम जवळून पाहू, कारण सगळा वाद तिच्या घरात आहे. कारखान्यातून तिला पान आणि तंबाखू वजन करून मिळतं. रात्री पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळी स्वयंपाक उरकला की मांडीवर सूप. पत्र्याच्या मापावर पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखानं दुमडायचं. दिवसाला हजार विड्या हे रोजाचं माप. पान किडकं निघालं, फाटकं निघालं, तरी विड्या हजारच भरून द्यायच्या. कमी पडलेलं पान पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचं. कारखान्यात नेल्यावर तपासनीस मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो. त्यांची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत.

हे सगळं चालतं कुठं? तिच्या खोलीत. दहा बाय दहाची, पत्र्याची. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात पाळणा, मधे सूप. तंबाखूची धूळ भाताच्या पातेल्यावर बसते आणि तान्ह्या पोराच्या नाकातही जाते. मालकानं कारखाना बांधायचा खर्च वाचवला आणि तो कारखाना तिच्या झोपडीत ढकलला. जागा तिची, उजेड तिचा, झाडलोट तिची, खोकला तिचा.

डाव्या गोटातल्या मित्रांना माझं पहिलं सांगणं हे. विडी कामगाराचं घर ही नुसती राहायची जागा नाही, ती तिची कामाची जागा आहे. गिरणी कामगार हवेशीर खात्याची, पिण्याच्या पाण्याची, संडासाची मागणी करतो तेव्हा तिला कुणी सुधारणावाद म्हणत नाही. ती वर्गलढ्यातली साधी, पहिली मागणी असते. मग विडीवालीनं पक्क्या भिंतीची, खिडकीची, नळाची मागणी केली तर ती एकाएकी ‘घरकुलाचं राजकारण’ कशी झाली? फरक इतकाच की गिरणीच्या खात्याचा मालक ओळखता येतो. विडीचा कारखाना हजारो झोपड्यांत विखुरलेला, त्याचा मालक कागदावर सापडत नाही.

आणि तो सापडू नये याची सोय मालकांनी नीट करून ठेवली होती. घरी वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, ती माल घेते आणि माल देते, हा त्यांचा युक्तिवाद. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यानं घरी काम करणारीलाही कामगार मानलं. मालक न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. तरी भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न भिजत पडला होता. घरी बसून वळणाऱ्यांनाही तो लागू आहे, हे 1985 साली त्याच न्यायालयाला सांगावं लागलं. कायदा झाल्यापासून तोवर जवळपास वीस वर्षं गेली. निकाल दिल्लीत लागतो, पण गल्लीतल्या बाईच्या हातात पासबुक, ओळखपत्र आणि फंडाची पावती पडते ती युनियनच्या कचेरीत कोणीतरी अर्ज भरत बसतो म्हणून. मास्तरांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या असल्या कामात गेला आहे. हे काम विधानसभेच्या कामकाजाच्या खंडात छापून येत नाही, त्यामुळे तक्ता करणाऱ्यांच्या नजरेला पडत नाही.

विकासवाल्यांना हिशेब आवडतो, तर हिशेबच करू. आमदाराला मिळणारा स्थानिक विकास निधी आज वर्षाला 5 कोटी आहे. पूर्वी याहून बराच कमी होता. पाच वर्षांचे झाले 25 कोटी. त्यातून गटार, सभामंडप, हायमास्ट दिवे आणि कमानीवर आमदाराचं नाव. सोलापूरजवळ अक्कलकोट रस्त्याला कुंभारी गावाच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं महिला विडी कामगारांची वसाहत उभी राहिली, तिच्यात घरं 10 हजार. किल्ल्या दिल्या 2006 साली, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी. एका घराचा खर्च सुमारे 60 हजार, त्याचे तीन वाटे : केंद्र, राज्य आणि कामगार. म्हणजे सगळे मिळून 60 कोटींच्या घरात, आणि तेही त्या काळचे. आजच्या दराचा आमदार निधी दोन मुदती पुरा साठवला तरी एवढा भरत नाही. शिवाय तो आपोआप येतो, हा मात्र केंद्राच्या, राज्याच्या आणि बँकेच्या तीन वेगवेगळ्या टेबलांवरून ओढून आणावा लागला.

दुसरी वसाहत त्याहून मोठी. त्याच कुंभारीला रे नगर, असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना. विडीवाल्या, यंत्रमागावरचे, कचरा वेचणारे, रिक्षा-ट्रकवाले, फेरीवाले. जानेवारी 2019 मध्ये तिचा प्रारंभ झाला आणि 19 जानेवारी 2024 ला पहिल्या 15 हजार घरांचं लोकार्पण झालं. या संबंध काळात मास्तर आमदार नव्हते. 2009 पासून नव्हते. पराभवांची यादी काढणाऱ्यांनी ही तारीख शेजारी लिहून पाहावी. सत्तेत नसलेल्या, सभागृहात नसलेल्या माणसाच्या मागणीवर केंद्रानं आणि राज्यानं 30 हजार घरं मंजूर करावीत, ही गोष्ट महाराष्ट्रात दुसरीकडे कुठं घडली असेल तर मला दाखवा.

नसेल सापडत, तर मुंबई घ्या. गिरणगाव हा एकेकाळी राज्यातल्या कामगार राजकारणाचा बालेकिल्ला. 1967 ला निवडून आलेले परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 ला खून झाला. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि 1,679 मतांनी हरल्या. वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. पुढे 1982 चा गिरणी संप, मग गिरण्यांना टाळी, मग गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि काचेचे मनोरे. या सगळ्या काळात गिरणगावातून निवडून येणाऱ्या आमदार-खासदारांची जीत अखंड चालू होती. मंत्री झाले, महापौर झाले, मुख्यमंत्रीही झाले. आणि गिरणी कामगारांची घरं? अर्ज दीड लाखांहून जास्त, दिलेली घरं 16 हजारांच्या आसपास. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. ज्या जमिनीवर घाम गाळला ती जमीन परळ-लालबागची, आणि घर कर्जतच्या वाटेवर. जिंकणाऱ्यांच्या तक्त्यात हा रकाना कोणी घालत नाही. मुंबईत जिंकून जे झालं नाही, ते सोलापुरात हरून झालं.

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घरं दिली, मग मतं का नाही मिळाली? लोक कृतघ्न का? ‘कृतघ्न’ हा शब्द मला मान्य नाही, तरीही प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. एक उत्तर नकाशावर आहे. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, शहराच्या हद्दीबाहेर आणि मास्तरांच्या शहर मध्य मतदारसंघाच्याही बाहेर. ज्या बायका मास्तरांच्या मोर्च्याच्या पुढच्या रांगेत असत, ज्यांच्या घरातल्या पाच-पाच मतांवर त्यांची निवडणूक उभी असे, त्याच हजारो बायकांना त्यांनी आपल्या हातानं शहराबाहेर नेऊन वसवलं. काहींची नावं जुन्या यादीत राहिलीही असतील. पण मतदानाच्या दिवशी मजुरी बुडवून, भाडं खर्चून, पोराबाळांसह शहरात यायचं म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मतपेढी बांधायची असती तर हा उद्योग कोणी केला नसता. महाराष्ट्रातला कुठलाही मुरलेला पुढारी तुम्हाला सांगेल, झोपडपट्टी असेल तिथंच राहू द्यावी, दर पाच वर्षांनी पत्रे वाटावेत, नळ एक द्यावा आणि दुसऱ्याचं आश्वासन द्यावं. झोपडी पक्की झाली आणि हलली, की मतदार हातचा गेला. मास्तरांनी नेमकं हेच केलं. याला राजकारण न कळणं म्हणा हवं तर. पण मग राजकारण म्हणजे काय याची तुमची व्याख्या आधी उघड करा.

दुसरं उत्तर अधिक कडू आहे. कामगार आमदार निवडून येतो तो कामाच्या जागेवरून. एका पाळीला सुटणारे हजार लोक, एक फाटक, एक सभा, एक झेंडा. 1978 साली मार्क्सवादी पक्षाचे महाराष्ट्रात 9 आमदार होते. 1995 ला 3, 2004 ला 3, पुढे प्रत्येक वेळी एक. गिरण्या बंद पडत गेल्या तसा हा आकडा उतरत गेला. लाल बावट्यानं गिरण्या बंद पाडल्या असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना विचारावं, नवी यंत्रं घ्यायची सोडून जमिनीचा भाव बघत बसलेले मालक कोणत्या युनियनचे सभासद होते? यंत्रमागावर युनियन टिकवणं महाकठीण, कारण मालकच जेमतेम चार-सहा मागांचा आणि कामगार आज इथं, उद्या तिथं. फाटक गेलं, पाळी गेली, आणि पूर्वभागातला तरुण आता जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या मिरवणुकीत भेटतो. त्याला ओढून आणण्यात मास्तर आणि त्यांचा पक्ष कमी पडले, हे खरं आहे. दुसरी फळी तयार झाली नाही, हेही खरं आहे. एकाच माणसानं पन्नास वर्षं उमेदवार असणं हे चळवळीच्या तब्येतीचं लक्षण चांगलं नव्हे. मास्तरांवर टीका करायची तर इथं करा, जागा आहे. पण ही टीका करायला चळवळीच्या आत शिरावं लागतं. तक्ता काढणाऱ्यांना तेवढी उसंत नसते.

आता मोदींच्या कौतुकाचा मुद्दा. तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. जानेवारी 2019 मध्ये रे नगरच्या कार्यक्रमाच्या व्यासपीठावर पंतप्रधान होते, मुख्यमंत्री फडणवीस होते आणि मास्तरही. मास्तरांनी दोघांचे जाहीर आभार मानले आणि किल्ल्या द्यायला मोदींनीच पंतप्रधान म्हणून परत यावं अशी इच्छाही बोलून दाखवली. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं.

माझं मत विचाराल तर आभार योग्य होते आणि इच्छा चुकली. घर सरकारच्या पैशातून होतं, सरकार लोकांचं असतं, तेव्हा खुर्चीवर कोण बसलंय हे कामगार निवडत बसत नाही. 2006 ला त्यानं काँग्रेसच्या पंतप्रधानाकडून किल्ली घेतली, पुढं भाजपच्या पंतप्रधानाकडून घेतली. सभ्य माणूस किल्ली घेताना धन्यवाद म्हणतो. पण पुढच्या निवडणुकीत तुम्हीच या, हे वाक्य आभाराच्या पलीकडचं होतं. ते बोलताना मास्तरांना नोटबंदी आठवायला हवी होती. आठवड्याच्या आठवड्याला रोखीत मजुरी घेणाऱ्या विडीवालीनं ती कशी काढली हे मास्तरांहून अधिक कोणाला ठाऊक? पक्षानं कान उपटला, बरं केलं.

मात्र या एका वाक्यावरून लाल बावटा विकला असा निकाल देणाऱ्यांनी पुढचं प्रकरण वाचावं. मोदी 2024 ला परत आले, घरं दिली, अशा घरात लहानपणी राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना गहिवरले. देशभर ते चित्र गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहर मध्यमधून भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले आणि मास्तर पडले. त्याच निवडणुकीत महाविकास आघाडीतून ही जागा आपल्याला सुटावी असा मार्क्सवादी पक्षाचा आग्रह होता. काँग्रेसनं तरी आपला उमेदवार उभा केलाच. सौदा झाला असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी सांगावं, या सौद्यात मास्तरांच्या पदरात काय पडलं? ना उमेदवारीचा पाठिंबा, ना विधान परिषद, ना एखादं महामंडळ. पदरात पडली ती 15 हजार घरं, आणि तीही दुसऱ्यांच्या.

सोलापूरच्या याच मातीत आणखी एक मोठी कारकीर्द घडली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. सुशीलकुमार शिंदे. दलित कुटुंबातला गरीब मुलगा, सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी, मग पोलिसात फौजदार, 1974 साली करमाळ्यातून आमदार, 2003 साली मुख्यमंत्री, पुढं राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री, गृहमंत्री. हा प्रवास खरा आहे, जबर आहे, आणि ज्या समाजात तो झाला त्यात तो करायला काय लागतं हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. त्याला कमी लेखणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही. 2009 साली याच शिंदेसाहेबांच्या कन्येनं, प्रणिती शिंदे यांनी, शहर मध्यमधून मास्तरांना हरवलं आणि पुढं आणखी दोनदा ती जागा राखली. लोकशाहीत हेही चालायचंच.

पण आपल्या माध्यमांनी या दोन प्रवासांपैकी पहिल्यालाच यश का म्हणावं? शिपायाचा गृहमंत्री होतो, ही गोष्ट सांगायला सोपी. तिला सुरुवात आहे, चढ आहे, शिखर आहे. शिपाई मात्र शिपाईच राहतात, त्यांच्यातला एक वर जातो आणि खालचे टाळ्या वाजवतात. मास्तरांच्या गोष्टीत चढ नाही. माणूस दत्त नगरच्या पक्ष कार्यालयात होता आणि पन्नास वर्षांनीही तिथंच आहे. हलल्या त्या दहा हजार विडीवाल्या. कामगारवर्गातून आलेल्या आमदाराला आपण नकळत एकच परीक्षा घालतो : तू त्या वर्गातून किती लवकर बाहेर पडलास? जो बाहेर पडला तो यशस्वी, जो तिथंच राहिला तो बिचारा. फसली असेल तर ही परीक्षा फसली आहे.

डहाणूच्या विनोद निकोल्यांचं बघा. 2019 साली ते मार्क्सवादी पक्षाकडून निवडून आले. बातमी काय झाली? वडापाव विकणारा आमदार. सर्वांत गरीब आमदार. प्रतिज्ञापत्रातली मालमत्ता जेमतेम 51 हजारांची, त्यावर लेख, मुलाखती, घराचे फोटो. 2024 ला ते पुन्हा निवडून आले, पुन्हा तोच वडापाव. डहाणू-तलासरीतल्या वनजमिनीच्या दाव्यांवर ते काय बोलतात, वाढवण बंदराला विरोध का करतात, ज्या बंदरासाठी 76 हजार कोटी ओतायचे आहेत तिथल्या मच्छीमाराचं आणि आदिवासीचं काय होणार, यावर कितीजणांनी दोन रकाने खर्च केले? गरीब आमदार ही आपल्याला गंमत वाटते, अजब वस्तू वाटते. त्याच्या तोंडून गरिबांचा प्रश्न निघाला की गंमत संपते. आणखी एक गोष्ट या कौतुकात राहून जाते. या पक्षात आमदाराचा पगार पक्षाकडे जमा होतो आणि कार्यकर्त्याला मिळतं तेवढं मानधन हातात येतं. निकोले गरीब राहिले हा योगायोग नव्हे, तो पक्षाचा नियम आहे. हा नियम सगळ्या पक्षांना लावला तर किती उमेदवार अर्ज भरायला येतील, याचा सर्व्हे कोणा वाहिनीनं घ्यावा.

कुंभारीत सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. शहर लांब आहे, काम शहरात आहे, रिक्षाचं भाडं मजुरीतून जातं. हजारो घरांची वस्ती एकदम उभी करायची म्हणजे पाणी, शाळा, दवाखाना, बस, कर्जाचे हप्ते, सगळंच एकदम उभं राहतं, आणि त्यातलं प्रत्येक पुन्हा मोर्चा काढूनच मिळवावं लागतं. वसाहत पुढं झाली, सोयी मागून येत राहिल्या. हा दोष योजनेचा आहे आणि योजना आखणाऱ्यांत मास्तरही होते. पण ज्यांना हा दोष दिसतो त्यांनी पूर्वभागातल्या जुन्या खोल्यांत एक दुपार काढून यावं. दार बंद केलं की तंबाखूनं गुदमरायला होतं, उघडलं की गटाराचा वास येतो. कुंभारीच्या घराला दोन खिडक्या आहेत आणि विडी वळायला बसली तर बाईची पाठ भिंतीला टेकते, ती भिंत तिच्या मालकीची.

आणि जो प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे, तो या गदारोळात कोणी विचारत नाही. विडी कामगाराला घर, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती हे जे काही मिळत आलं, त्याच्या मुळाशी 1976 चे दोन कायदे होते : एक विडीवर सेस बसवणारा, दुसरा त्या सेसमधून कल्याण निधी उभारणारा. म्हणजे सरकारनं उपकार केले नव्हते. बाईनं वळलेल्या विडीवरचाच पैसा फिरून तिच्याकडे येत होता. 2017 साली जीएसटी आला आणि हा सेस रद्द झाला. विडीवर सर्वांत चढा, 28 टक्क्यांचा कर लागला, पण तो गेला सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत. बाईच्या नावानं वेगळं राखलेलं काही उरलं नाही. कल्याणाच्या योजना त्यानंतर अर्थसंकल्पाच्या मर्जीवर. मास्तर सभागृहात असते तर यावर तारांकित प्रश्न आला असता, लक्षवेधी आली असती, मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते उत्तर सोलापूरच्या पेपरात पहिल्या पानावर छापून आलं असतं. त्यांच्या पराभवांची यादी ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी तिच्या खाली एक ओळ वाढवावी : 2009 नंतर सोलापूर शहरातून निवडून गेलेल्या किती जणांनी विडी सेसचा ‘स’ तरी विधानसभेत उच्चारला, आणि कोणत्या तारखेला.